चौदा मिलिमीटरचं वर्तुळ : कुड्याच्या सालीचं एक प्रकरण

बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत कुठल्याही वाडीत जा आणि आव पडल्यावर काय देता म्हणून विचारा, पहिलं नाव कुड्याचं निघतं. उन्हाळ्यात फुलांची भाजी, पुढे कोवळ्या शेंगांची भाजी, आणि पोट बिघडलं की सालीचा काढा. झाड इतकं घरचं, की त्याची ओळख पटवून घ्यायची गरजच कुणाला वाटत नाही. या प्रकरणातला घोळ तिथूनच सुरू होतो.

हे प्रकरण कुठल्या एका कॉलेजचं नाही. रानातल्या औषधी वनस्पतींवर सीमाभागात जे पदव्युत्तर प्रकल्प होतात त्यांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या चुका एका गटाच्या कामात गुंफल्या आहेत, आणि झोनचे (अर्काभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचे) व एमआयसीचे (वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेचे) आकडे समजावण्यापुरते, पण अशा कामात येतात त्या बेताचे घेतले आहेत. झाडं, रसायनं, पद्धत आणि तिच्यातली मापं मात्र खरी आहेत. त्यांच्यावर विसंबून काम करता येईल.

दोन पिशव्या

सूक्ष्मजीवशास्त्राच्या तीन विद्यार्थ्यांचा गट, हातात चार महिने, विषय ‘कुड्याच्या सालीचे जिवाणुरोधक गुणधर्म’. सालीचे दोन नमुने. पहिला, म्हणजे ‘अ’, जांबोटीच्या बाजूला एका मालकीच्या रानातून काढलेला. मालकाची परवानगी घेतली होती, आणि ते बरं केलं. त्या भागातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही उचलायचं नसतं. दुसरा नमुना ‘ब’, बेळगावच्या बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून अर्धा किलो घेतलेला. पांढरा कुडा की काळा, असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर गटाच्या वहीत लिहिलेलं आहे : ‘काळा-पांढरा काही नसतंय, साल ती सालच.’

‘अ’ नमुना खरं तर दोनदा गोळा करावा लागला. पहिल्यांदा भर श्रावणात साल काढली आणि हॉस्टेलच्या खोलीत वर्तमानपत्रावर पसरली. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हवाच ओली. चौथ्या दिवशी सालीच्या आतल्या अंगावर पांढरट-हिरवट बुरशी. ती झटकून, धुऊन पुढे जायचा विचार होता. तसं केलं असतं तर पुढचं सगळं काम फुकट गेलं असतं, कारण पेनिसिलियमसारख्या बुरश्या स्वतःच जिवाणुनाशक द्रव्यं तयार करतात आणि स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर दिसलेलं वर्तुळ सालीचं की बुरशीचं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. ती साल टाकून दिली ते योग्यच झालं. कार्तिकात नवी साल काढली. खोडाला हात न लावता मनगटाएवढ्या जाड फांद्यांवरून उभ्या पट्ट्या काढल्या आणि फांदीच्या घेराचा चौथा भागही सोलला नाही. खोडाची साल गोल काढली की पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे उतरायची वाट तुटते आणि झाड दोन-तीन हंगामांत वाळतं. रानात असे सोललेले कुडे दिसतात, आणि दर वेळी वाईट वाटतं.

पट्ट्या धुऊन, बोटभर तुकडे करून, सावलीत आणि मग ४० अंशांच्या ओव्हनमध्ये, तुकडा वाकवल्यावर ‘कट्’ असा आवाज करून मोडेपर्यंत वाळवल्या. भरड दळून ४० नंबरच्या चाळणीतून चाळलं.

पहिली प्लेट

दोन्ही भुकट्या प्रत्येकी ५० ग्रॅम, ५०० मि.ली. मिथेनॉलमध्ये तीन दिवस, अधूनमधून हलवत. गाळून ४५ अंशांखाली मिथेनॉल उडवलं. उरलेला चिकट तपकिरी अर्क डीएमएसओ या विद्रावकात १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. असा विरघळवला.

गाळताना पहिली अडचण आली. सिरिंजला लावायचा जंतुरहित फिल्टर कपाटात होता तो सेल्युलोज नायट्रेटचा. डीएमएसओ त्यातून जाताना पडदाच मऊ पडला आणि द्रव न गाळता थेट खाली आला. डीएमएसओला नायलॉनचा किंवा पीटीएफईचा पडदा लागतो. खोक्यावर पडद्याचा प्रकार छापलेला असतो. तो वाचायला अर्धं मिनिट लागतं.

पुढची तयारी चांगली होती. म्युलर-हिंटन आगर, म्हणजे जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम, ९० मि.मी.च्या प्लेटमध्ये २५ मि.ली., म्हणजे चार मि.मी. जाडीचा थर. जिवाणू दोन, स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी हा प्रमाणित जिवाणूंच्या संग्रहातला क्रमांक). जिवाणूंचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडला जुळवलेला, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण पंधरा कोटी पेशी. जुळवल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत स्वॅबने तीन दिशांनी लेप. आठ मि.मी.च्या कॉर्क बोररने आगरमध्ये खड्डे, ज्यांना लॅबमध्ये सगळे वेलच म्हणतात, आणि प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर अर्क. ३५ अंशांवर अठरा तास.

दुसऱ्या दिवशीची वाचनं अशी होती. स्टॅफिलोकोकसवर ‘अ’ १७ मि.मी., ‘ब’ १४. ई. कोलायवर ‘अ’ १२, ‘ब’ ११. जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची चकती ई. कोलायवर २२, म्हणजे १९ ते २६ या ठरलेल्या पट्ट्यात. प्लेट आणि जिवाणू दोन्ही ठीक. नुसत्या पाण्याच्या वेलभोवती काहीच नाही. गटाने निष्कर्ष लिहिला : कुड्याची साल दोन्ही प्रकारच्या जिवाणूंवर प्रभावी आहे, रानातली आणि बाजारातली साल जवळपास सारखीच आहे, आणि आवेवरचा पारंपरिक वापर शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला.

या एका वाक्यातली तिन्ही विधानं पुढे खोटी ठरली, तीही तीन वेगवेगळ्या कारणांनी.

वर्तुळ कशाचं?

आधी वर्तुळच जवळून पाहू. १४ मि.मी. हा आकडा वेलसकट मोजलेला असतो. वेल आठचा, म्हणजे प्रत्यक्षात वेलच्या कडेभोवती जिवाणू न वाढलेली कड फक्त तीन मि.मी.ची. प्लेट काळ्या कागदावर ठेवून मागून उजेड टाकला की ती दिसते : नखाएवढी रुंद, आतल्या बाजूला अर्काचा तपकिरी डाग, बाहेरच्या कडेला पुसटशी धूसर वाढ. ही धूसर वाढ मोजायची की सोडायची, हे गटाने ठरवलंच नव्हतं. एकाने सोडली होती, दुसऱ्याने मोजली होती.

मोठी चूक नियंत्रणाची. अर्क डीएमएसओमध्ये होता आणि नियंत्रण पाण्याचं. १०० मायक्रोलिटर शुद्ध डीएमएसओ एकाच ठिकाणी ओतला तर तो स्वतःच आसपासची वाढ रोखतो. तो त्याच प्लेटवर लावल्यावर ई. कोलायवर ११ मि.मी. आणि स्टॅफिलोकोकसवर १० मि.मी. आले. म्हणजे ई. कोलायवर ‘ब’ शून्य, आणि ‘अ’चा एक मि.मी. फरक पट्टी धरण्याच्या चुकीत जमा. दोन्ही जिवाणूंवर प्रभावी, हे विधान तिथेच गेलं. नियंत्रण नेहमी त्याच विद्रावकाचं, तेवढ्याच मापाचं आणि त्याच प्लेटवर हवं. वेगळ्या प्लेटवरचा डीएमएसओ चालत नाही, कारण आगरची जाडी अर्ध्या मि.मी.ने बदलली तरी झोन बदलतो.

मात्रेचंही बघायला हवं. वेलमध्ये १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चे १०० मायक्रोलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम अर्क. शेजारच्या चकतीत जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम. हजारपट फरक. ‘प्रतिजैविकाच्या तुलनेत अमुक टक्के प्रभावी’ असं लिहिलेले प्रकल्प अहवाल आम्ही भरपूर पाहिले आहेत. हा हजारपटीचा हिशोब त्यांत कुठेच नसतो. आणि झोनची रुंदी ताकद दाखवतच नाही, ती पदार्थ आगरमध्ये किती पसरतो हे दाखवते. पाण्यात विरघळणारा छोटा रेणू लांब पळतो. तेलकट किंवा मोठा रेणू जागच्या जागी बसतो, तो कितीही जालीम असो.

साल कुणाची?

आता दुसरं विधान, बाजारातली साल आणि रानातली साल सारखीच.

कुडा म्हणून दोन झाडं चालतात. औषधातला कुटज तो पांढरा कुडा, होलारेना प्युबेसन्स. जुन्या पुस्तकांत तो होलारेना अँटिडिसेन्टेरिका या नावाने आहे. काळा कुडा म्हणजे रायटिया टिंक्टोरिया. कन्नडमध्ये त्याला आले मर म्हणतात आणि चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच्याच पांढऱ्या लाकडाची होतात. दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींच्या शेंगा लांब आणि जोडीने. भर म्हणून श्रीलंकेतल्या एका रायटियाच्या शास्त्रीय नावातही ‘अँटिडिसेन्टेरिका’ आहे. घोळ व्हायला याहून जास्त काय लागतं?

झाडापाशी उभं राहिल्यावर मात्र ओळख अवघड नाही. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन्ही शेंगा सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या टोकाशी चिकटलेल्या असतात, चिमट्यासारख्या, आणि पिकेपर्यंत सुटत नाहीत. पांढऱ्याचं फूल मध्यभागी मोकळं. काळ्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखी कातरलेली वर्तुळाकार पट्टी आणि तिच्यातून वर आलेला परागकोशांचा सुळका. बिया म्हणजे इंद्रजव : पांढऱ्या कुड्याचा कडू, काळ्याचा गोड. आणि सगळ्यात सोपी खूण पानाची. काळ्या कुड्याच्या पानात निळीचं द्रव्य असतं, म्हणून पान वर्तमानपत्रात दाबून वाळवलं की निळसर काळं पडतं. पांढऱ्या कुड्याचं पान वाळलं तर तपकिरी-हिरवट राहतं.

पण दुकानातल्या पिशवीत पान नसतं, फूल नसतं, शेंग नसते. तिथे सालच बोलकी करावी लागते. पांढऱ्या कुड्याची वाळलेली साल बाहेरच्या बाजूला वळलेली, बाहेरून भुरकट, उभ्या सुरकुत्या आणि आडवे ठिपके असलेली. मोडली की तुकडा दाणेदार, खरखरीत. जिभेच्या टोकाला लावून थुंकली तरी कडूपणा बराच वेळ राहतो. ‘ब’ पिशवीतले काही तुकडे असे कडू होते, बरेच फिके होते. म्हणजे पिशवीत भेसळ तरी होती, नाहीतर मुळात दुसरीच साल आणि तिच्यात थोडी खरी.

चवीवर अहवाल लिहिता येत नाही म्हणून गट रसायनाकडे वळला. पांढऱ्या कुड्याच्या सालीचं खास द्रव्य कोनेसिन, स्टिरॉइडच्या सांगाड्याचं अल्कलॉइड. चांगल्या सालीत एकूण अल्कलॉइड दोनेक टक्के निघतात. ड्रॅगेनडॉर्फच्या द्रावणाने ती नारिंगी होतात, मेयरच्या द्रावणाने दुधाळ पांढरा साका देतात. फक्त मिथेनॉल अर्कावर थेट ड्रॅगेनडॉर्फ टाकून ‘अल्कलॉइड आहे’ लिहू नये. प्रथिनं आणि इतरही काही द्रव्यं फसवा रंग देतात. अर्क सौम्य आम्लात घ्यायचा, गाळायचा, अमोनियाने अल्कधर्मी करून क्लोरोफॉर्ममध्ये ओढायचा, आणि मग तपासायचा.

पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीसाठी (अर्कातली द्रव्यं वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटी करायची पद्धत) सिलिका जेलची प्लेट, टोल्युइन, इथाइल ॲसिटेट आणि डायइथाइलअमाइन ७:२:१ या प्रमाणात. डायइथाइलअमाइन गाळलं तर अल्कलॉइड सिलिकेला चिकटून शेपूट सोडतात. विद्यार्थ्यांनी २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली प्लेट पाहिली आणि ‘कोनेसिन दिसत नाही’ असं वहीत लिहिलं. ते दिसणारच नव्हतं; कोनेसिनच्या रेणूत त्या प्रकाशाला शोषणारी जोडबंधांची साखळीच नाही. ड्रॅगेनडॉर्फ फवारल्यावर ‘अ’च्या रांगेत ठसठशीत नारिंगी ठिपके उमटले. ‘ब’च्या रांगेत त्याच उंचीवर एक फिकट सावली. शुद्ध कोनेसिन विकत घेणं कॉलेजला परवडत नाही. अशा वेळी ओळख पक्की झालेल्या झाडाची साल शेजारी लावणं हाच रोकडा उपाय.

त्यासाठी ‘अ’ झाडाची फुलं-शेंगांसह फांदी दाबून, वाळवून तिचा नमुना करायला हवा होता, आणि तो केलेला नव्हता. परत जांबोटीला जाऊन केला. बेळगावातच पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. नमुना दाखवून ओळख लेखी घ्यायला अशी जागा लागते. नमुन्याचा क्रमांक नसलेला अहवाल कुणी नाकारला तर त्याला दोष देता येणार नाही.

मग ‘ब’चं १४ कुठून आलं?

अल्कलॉइड जवळजवळ नसतानाही ‘ब’ने स्टॅफिलोकोकसवर डीएमएसओपेक्षा चार मि.मी. जास्त दाखवले होते. अर्कात फेरिक क्लोराईडचे दोन थेंब टाकताच तो काळपट हिरवा झाला. टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं. जवळजवळ प्रत्येक झाडाच्या सालीत ती कमी-अधिक असतातच. टॅनिन प्रथिनांना धरतात : जिवाणूच्या कवचातल्या, त्याने बाहेर सोडलेल्या विकरांतल्या आणि आगरमधल्या अन्नातल्याही. त्यामुळे टॅनिनने भरलेला कुठलाही अर्क, हिरड्याचा असो वा चहाचा, स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर काहीतरी वर्तुळ देतोच.

टॅनिन काढायला पीव्हीपीपी, म्हणजे पाण्यात न विरघळणारं पॉलिव्हिनाइल पॉलिपायरोलिडोन, वापरलं. १०० मि.ग्रॅ. पावडरीत एक मि.ली. पाणी आणि एक मि.ली. पातळ केलेला अर्क, नीट हलवून चार अंशांवर पंधरा मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. वरचा द्रव पुन्हा फेरिक क्लोराईडने तपासायचा. अजून काळा पडला तर पुन्हा एकदा पीव्हीपीपी. इथे घाई केली तर अर्धे टॅनिन राहतात आणि निकाल अर्धवट लटकतो. द्रव सुकवून, पुन्हा वजन करून, डीएमएसओमध्ये आधीच्याच प्रमाणात आणून वेलमध्ये घातला. ‘ब’ १०, डीएमएसओएवढाच. ‘अ’ १५.

चौदा मिलिमीटरचं वर्तुळ गेलं. पण टॅनिन म्हणजे खोटा परिणाम, असं म्हणणंही आम्हाला पटत नाही. ती आतड्याच्या अस्तरावर आवळून बसतात, स्राव कमी करतात. आयुर्वेदात स्तंभन म्हणतात ते याच्याशी मिळतंजुळतं आहे. फिक्या सालीचा काढा पिऊनही कुणाला बरं वाटलं असेल तर त्याचं कारण इथे असू शकतं. फक्त त्याला जिवाणुरोधक म्हणू नये. आणि पीव्हीपीपी टॅनिनसोबत इतर काही फिनॉलही उचलतं, म्हणून ‘टॅनिन काढल्यावर’ असं नोंदवावं, ‘शुद्ध केल्यावर’ असं नाही.

अल्कलॉइड वेगळं काढून एमआयसी

‘अ’चा दावा उरला होता तो नीट मोजायला हवा होता. ५० ग्रॅम भुकटी २५ मि.ली. दहा टक्के अमोनियाने ओली करून तासभर झाकून ठेवली. सालीत अल्कलॉइड टॅनिनशी आणि आम्लांशी बांधलेली असतात. अमोनिया ती मोकळी करतो. मग २५० मि.ली. क्लोरोफॉर्म, चोवीस तास, सगळं फ्यूम हूडमध्ये. गाळलेला क्लोरोफॉर्म दोन टक्के सल्फ्युरिक आम्लाबरोबर तीनदा, दर वेळी ५० मि.ली. अल्कलॉइड आम्लात उतरतात. मेण, रंग, चरबी क्लोरोफॉर्ममध्ये राहतात. आम्लाचा भाग थंड करून अमोनियाने पीएच ९ ते १० वर आणायचा आणि पुन्हा ताज्या क्लोरोफॉर्ममध्ये तीनदा ओढायचा. निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळून सुकवायचा.

विभाजक नरसाळं जोरात हलवलं की मध्ये दह्यासारखा थर बसतो आणि दिवसभर फुटत नाही. नरसाळं उलटंसुलटं हळू करायचं, घुसळायचं नाही. थर बसलाच तर चिमूटभर मीठ आणि धीर. पन्नास ग्रॅममागे अर्धा-पाऊण ग्रॅम हाती लागला तरी काम नीट झालं असं समजावं. दुसरी एक चूक इथे नेहमी होते : अल्कलॉइड पाण्यात यावं म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात आणि पीएच न तपासता तसंच प्लेटवर घालतात. मग झोन येतो तो आम्लाचा. पीएच सातच्या आसपास आणायचाच, आणि तेवढंच आम्ल व अल्कली घातलेलं नुसतं पाणी नियंत्रण म्हणून लावायचं.

एमआयसीसाठी ९६ खणांची प्लेट आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरावीक केलेला म्युलर-हिंटन ब्रॉथ, म्हणजे तेच माध्यम पातळ, आगरशिवाय. १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चा साठा ब्रॉथमध्ये पन्नासपट पातळ केला, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. आणि दोन टक्के डीएमएसओ. पहिल्या खणात हे २०० मायक्रोलिटर, पुढच्या सातांत नुसता ब्रॉथ १००-१००. दर खणातून १०० पुढे नेत निम्मं-निम्मं करत गेलं, शेवटच्या खणातून १०० टाकून दिले. ०.५ मॅकफार्लंडचं द्रावण १५० पट पातळ करून प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटर. शेवटी प्रत्येक खणात मिलिलिटरमागे पाच लाख पेशी; पहिल्या खणात सगळ्यात वरची मात्रा १००० मायक्रोग्रॅम आणि डीएमएसओ एक टक्का. स्टॅफिलोकोकससाठी इथे एटीसीसी २९२१३ हा प्रकार घ्यायचा; २५९२३ चकतीसाठी आहे.

चार नियंत्रणं विसरू नयेत : नुसता ब्रॉथ, जिवाणूसह ब्रॉथ, जिवाणूसह एक टक्का डीएमएसओ, आणि जिवाणूशिवाय अर्क. चौथं सगळेच विसरतात. डीएमएसओतला अर्क ब्रॉथमध्ये पडताच राळ सुटून गढूळ होतो, म्हणून डोळ्यांनी वाढ कळत नाही आणि रेझाझुरिन हे निळं रंगद्रव्य घालावं लागतं : ०.०१५ टक्के, खणामागे ३० मायक्रोलिटर, दोन ते चार तास. जिवंत जिवाणू निळ्याचा गुलाबी करतात. पण काही वनस्पती द्रव्यंही रंग बदलतात, आणि ते फक्त चौथ्या नियंत्रणात पकडता येतं.

तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी ताज्या वाढीवरून वाचन घेतलं. एकाच दिवशी तीन प्लेटा लावून ‘तीनदा केलं’ म्हणणं धरत नाही. ‘अ’चा मिथेनॉल अर्क स्टॅफिलोकोकसवर ५००, टॅनिन काढल्यावर १०००, अल्कलॉइडचा भाग १२५ ते २५०. ई. कोलायवर अर्क १००० च्या वर, अल्कलॉइडचा भाग ५००. एका पायरीचा इकडचा-तिकडचा फरक पद्धतीतच असतो, त्याचा अर्थ लावू नये. ‘ब’ कशावरच १००० च्या खाली आला नाही. वाढ न दिसलेल्या खणांतून दहा मायक्रोलिटर आगरवर टाकल्यावर ‘अ’च्या अल्कलॉइड भागाच्या १२५ आणि २५० च्या जागी पुन्हा वाढ झाली; म्हणजे वाढ थांबली होती, जिवाणू मेले नव्हते.

अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तरच पुढे शुद्धीकरणात वेळ घालवावा, असा साधारण दंडक आहे. कुड्याची साल त्यात बसत नाही. कोनेसिनची गोष्ट दुसरीकडे रंजक आहे : स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू प्रतिजैविकं बाहेर फेकायला जो पंप वापरतो तो कोनेसिन अडवतं असं दिसलं आहे. म्हणजे एकटं कमजोर, पण दुसऱ्या औषधाच्या सोबतीने कामाचं. पुढचा प्रकल्प करायचाच तर या दिशेने करावा.

आव, ई. कोलाय आणि काढा

तिसरं विधान, आवेवरचा वापर सिद्ध झाला. आव दोन तऱ्हांनी होते : शिगेलासारख्या जिवाणूंमुळे, आणि एन्टामिबा हिस्टोलिटिका या अमिबामुळे. कुड्याच्या अल्कलॉइडांचं आधुनिक वैद्यकातलं नाव झालं ते अमिबावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुर्ची बिस्मथ आयोडाइड त्यासाठीच देत. अमिबा म्युलर-हिंटन प्लेटवर वाढतच नाही. आणि ई. कोलाय २५९२२ हा तपासणीचा गुणी प्रकार आहे, आव पाडणारा नव्हे. या प्रयोगात पारंपरिक दावा तपासलाच गेला नव्हता. ना सिद्ध, ना खोटा.

हिशोबही करून पाहू. काढ्याला २० ग्रॅम साल घेतली, दोन टक्के अल्कलॉइड धरले, सगळेच्या सगळे काढ्यात उतरले असं मानलं, तर ४०० मि.ग्रॅ. आतड्यात लिटरभर द्रवात पसरले आणि काहीही शोषलं गेलं नाही, असं अशक्य मानलं तरी मिलिलिटरला ४०० मायक्रोग्रॅम. ई. कोलायला ५०० लागत होते. कोनेसिन जास्त मात्रेत मज्जासंस्थेवर परिणाम करतं हेही लक्षात ठेवायला हवं, म्हणून ‘मग साल जास्त घालू’ हा उपाय नाही. घरात कुणाला जुलाब लागले तर आधी ओआरएस. शौचात रक्त, ताप, किंवा लहान मूल असेल तर काढ्याची वाट न पाहता दवाखाना.

‘ब’चं नाव

एक काम राहिलं होतं. ‘ब’ पांढरा कुडा नव्हता हे कळलं, पण कोण होता? अंदाजाने ‘काळा कुडा’ लिहिणं म्हणजे दुकानाची चूक प्रयोगशाळेत पुन्हा करणं. काळा कुडा कोरड्या, पानझडी रानातला. गट गोकाककडच्या खडकाळ माळावर गेला, टोकाशी जुळलेल्या शेंगा पाहून झाड निवडलं, फांदी दाबली, थोडी साल घेतली. क्रोमॅटोग्राफीची नवी प्लेट तीन रांगांची : मधोमध ‘ब’, एका बाजूला जांबोटीची साल, दुसऱ्या बाजूला गोकाककडची. ‘ब’ची रांग गोकाककडच्या रांगेशी ठिपक्याला ठिपका जुळली, एका फिकट नारिंगी सावलीखेरीज; ती पिशवीतल्या थोड्या कडू तुकड्यांची.

नोंदवहीत ‘ब’समोरचं ‘कुडा’ खोडून लिहिलं गेलं : रायटिया टिंक्टोरिया, होलारेनाचा अल्प अंश. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं तेव्हा दाबलेल्या फांदीची पानं निळसर काळी पडली होती.